आधी कधी नव्हतं ते

(व्याख्यानमालेतील पुष्प तिसरे. ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी गुडघेदुखीचं विचारायला नको. एकतीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं. दुसऱ्यांचे अनुस्वार आणि वेलांट्या तपासण्यात हयात गेली. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा म्हटलं, ‘झोपेची गोळी सोडताना काय होतं ते सांगतो.’ फोनवर जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘विनोदी असं काही नाही का?’

गोळीचं नाव अल्प्राझोलाम. तशी ती घबराटीवरची, पण आपल्याकडे सगळे तिला झोपेची गोळीच म्हणतात. धाकटा भाऊ अचानक गेला आणि मला रात्री धडधड व्हायला लागली. आता आपलाही नंबर, असं वाटून उठून बसायचो. डॉक्टरांनी ०.५ मिलिग्रॅमची गोळी रात्री एक, अशी पंधरा दिवसांची चिठ्ठी दिली आणि पुन्हा दाखवायला या म्हणाले. मी गेलो नाही. मेडिकलवाला ओळखीचा होता. पंधरा दिवसांची नऊ वर्षं झाली. मधे केव्हातरी सकाळीही जीव घाबरा व्हायला लागला, तेव्हा सकाळची अर्धी मी माझ्याच अकलेने वाढवली. या गोळीचं रक्तातलं प्रमाण साधारण अकरा-बारा तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे सकाळची ती घबराट रात्रीची गोळी उतरत असल्याची होती. पण हे कळायला मला फार वर्षं लागली.

एकदा पुतणीच्या लग्नाला कोकणात गेलो आणि गोळ्यांची पट्टी घरी फ्रिजवर राहिली. पहिल्या रात्री झोप आली नाही. जागा बदलली की होतं असं, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पंगतीला बसलो. वाढपी वरणाची बादली घेऊन येत होता, त्याची पळी काठाला लागली आणि तो आवाज मला दातांत लागला. दुखावा तसा लागला. मठ्ठा तोंडाला लावला तर जुनं नाणं चोखल्यासारखी चव. मी यजमानांच्या कल्हईवर संशय घेतला, पण भांडं स्टीलचं होतं. सदरा नेहमीचाच, धुऊन धुऊन मऊ झालेला, पण कॉलरची शिवण मानेला काचत होती. सारवलेल्या अंगणातून चालताना होडीत पाय ठेवल्यासारखी जमीन खाली जायची.

दुपारी वेळ जाईना म्हणून लग्नपत्रिका वाचायला घेतली. सवय, दुसरं काय. तर अनुस्वार हलत होते. शिरोरेषेवर मुंग्या चालाव्यात तसे. एकतीस वर्षं मी त्या टिंबांना जागेवर बसवत आलो होतो, आणि ती माझ्यासमोर उठून निघाली होती. हात धुवायला गेलो, आरशात चेहरा दिसला. माझाच होता, पण कुणाचा तरी फोटो बघावा तसा. तिसऱ्या रात्री पाय आपोआप झटके द्यायला लागले, घामाने गादी भिजली. बायको उठून बसली आणि म्हणाली, ‘अहो, तुमचं परत तेच सुरू झालं.’

या ‘तेच’वर मला आज बोलायचं आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. तासाभरात सगळं शांत. बादली पुन्हा बादलीसारखी वाजायला लागली. मी आणि बायको, दोघांनीही एकच अर्थ काढला: दुखणं आहे, आणि त्याला गोळी लागतेच. एवढा सज्जड पुरावा मिळाल्यावर कोण शंका घेणार? पुढे महिन्याने एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. ‘कसं वाटत होतं?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘अस्वस्थ.’ त्यांनी कोरा कागद पुढे केला. ‘हा शब्द वगळून लिहा.’

लिहिलं. बादली, नाणं, कॉलर, अंगण, अनुस्वार. त्यांनी पेन्सिलीने एकेकाखाली रेघ ओढली आणि विचारलं, ‘भाऊ गेले तेव्हा यातलं काय होतं?’ धडधड होती, झोप नव्हती. बाकीचं? नाण्याची चव नऊ वर्षांपूर्वी नव्हती. अनुस्वार नऊ वर्षांपूर्वी जागेवर होते. जुनं दुखणं परत आलं असेल तर जुन्याच वेषात येईल. आधी कधी नव्हतं ते दिसायला लागलं, तर ते बहुधा गोळीच्या जाण्याचं असतं. माझ्या ‘अस्वस्थ’ या शब्दाने ही दोन्ही एकाच पोत्यात भरली होती. आपल्याकडे ‘जीव घाबरा होतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं समजल्यासारखं वाटतं आणि चौकशी तिथेच संपते.

मला वाटत होतं, हे नवं काहीतरी असणार. मग वाचायला लागलो. या कुळातलं पहिलं औषध लिब्रियम. न्यू जर्सीतल्या रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत १९५७ साली आवराआवर करताना बाजूला पडलेलं एक रसायन सापडलं, ते १९६० मध्ये बाजारात आलं. १९६३ मध्ये व्हॅलियम आलं. पण १९६१ मध्येच, म्हणजे लिब्रियमला वर्ष होतं न होतं तोच, लिओ हॉलिस्टर या अमेरिकन डॉक्टरांनी एक निरीक्षण छापलं होतं. महिनोन्‌महिने खूप मोठा डोस घेतलेल्या अकरा रुग्णांना त्यांनी एकदम औषधाऐवजी खोट्या गोळ्या दिल्या. दहांना त्रास झाला, दोघांना फिट आली. सगळ्यांनी मान डोलावली आणि म्हटलं, डोसच केवढा होता! नेहमीच्या डोसावरही हे होतं, हे लंडनच्या माल्कम लेडर यांच्यासारख्यांनी दाखवेपर्यंत १९८०चं दशक उजाडलं. मधल्या काळात लोक सांगतच होते. बार्बरा गॉर्डन या दूरचित्रवाणीवर माहितीपट करणाऱ्या बाईंनी व्हॅलियम एका दिवसात बंद केलं, त्या पार कोसळल्या आणि इस्पितळात दाखल झाल्या. त्यांचं पुस्तक १९७९चं आहे.

मला सगळ्यांत जवळच्या वाटल्या त्या इंग्लंडात न्यूकॅसलच्या हेदर ॲश्टन. त्यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. साधारण तीनशे माणसं. रुग्ण सांगत ते त्या ऐकून लिहून ठेवत आणि त्यातून १९९९ मध्ये एक पुस्तिका झाली. ती वाचताना चवीचा उल्लेख आला, आवाजाचा आला, हलणाऱ्या जमिनीचा आला आणि मी घरात एकटाच मोठ्याने ‘बरोबर!’ म्हणालो. दुसऱ्याच्या मजकुरात स्वतःचं दुखणं जसंच्या तसं सापडणं, हा मुद्रितशोधकाला सहसा न मिळणारा आनंद आहे.

हे होतं का? वाड्यात दारं लावायला एक गडी ठेवला, तर हळूहळू घरची माणसं दारं लावायचं सोडून देतात. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं एक द्रव्य असतं. गोळी त्याचा जोर वाढवते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू आपला बंदोबस्त ढिला करतो. मग एके दिवशी गडी येत नाही. दारं सगळी उघडी, आणि वारा प्रत्येक खोलीत. आवाज, उजेड, स्पर्श, सगळं सरळ आत. घरच्यांना दारं लावायची सवय परत लागायला वेळ लागतो, एवढंच.

म्हणून गड्याला एकदम काढायचं नाही. हे मात्र घरी जाऊन पुन्हा आठवा. एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आज हे ऐकून कुणी पट्टी कचऱ्यात टाकली, तर माझं व्याख्यान अंगाशी आलं म्हणायचं. आणि सगळ्यांनाच असं होतं असंही नाही. कित्येकांची गोळी विशेष काही न होता सुटते. थोडे दिवस घेणाऱ्याला ती खरंच आधार देते. मलाही त्या पहिल्या पंधरा दिवसांत दिला होता.

माझे पाऊण मिलिग्रॅम डॉक्टरांनी आधी हळूहळू पंधरा मिलिग्रॅम डायझेपामवर नेले. ते शरीरातून सावकाश उतरतं, त्यामुळे पायऱ्या बुटक्या होतात. मग दर पंधरवड्याला एक मिलिग्रॅम कमी. पाचवर आल्यावर अर्धा अर्धा, तोही तीन आठवड्यांनी. दोन मिलिग्रॅमची गोळी पिटुकली असते. ब्लेडने तिचे चार तुकडे करताना एक तुकडा हमखास ओट्याखाली जायचा आणि आम्ही दोघं साठीतली माणसं गुडघ्यावर बसून टॉर्चने तो शोधायचो. पूर्वी पट्टी संपली तरी मी बेफिकीर असायचो. आता पाव गोळीसाठी फरशी पुसत होतो. मेडिकलमध्येही आता चिठ्ठीशिवाय मागायची सोय नव्हती. १ मार्च २०१४ पासून ही औषधं एच-वन परिशिष्टात आहेत, दुकानदाराला नावनिशी वहीत लिहावी लागते. ओळखीच्या मेडिकलवाल्याने माझं नाव लिहिलं तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

सगळे मिळून तेरा महिने लागले. वाटेत काही दिवस इतके चांगले जायचे की आता संपलं असं वाटायचं, आणि पुढच्याच मंगळवारी कुकरची शिट्टी दातांत. भरती-ओहोटीसारखं, पण पंचांगात नसलेलं. बायकोने ‘तेच’ म्हणायचं सोडलं. ती विचारायची, ‘आज बादली की नाणं?’

नोंदी मी भिंतीवरच्या कॅलेंडरात ठेवल्या, दुधाच्या चौकोनांतच. वर लिटर, खाली मिलिग्रॅम. गोळीचा शेवटचा दिवस लाल शाईने लिहिलेला आहे. त्यानंतरही दोनेक महिने ‘ना’ असं अक्षर अधूनमधून दिसतं, म्हणजे नाणं. मग नुसतं दूधच आहे. ती चव शेवटची कधी आली, हे शोधायला मी परवा ते कॅलेंडर काढलं होतं. एका चौकोनात ‘ना’ आहे खरं, पण बायको म्हणते, ते ‘नाही’चं आहे, त्या दिवशी दूधवाला आला नव्हता.