उंचीची फाईल आणि आपली जमीन
(वनहक्क समितीच्या पोरापोरींच्या शिबिरातलं भाषण)



गावाच्या नकाशावर डोंगर-नाले दाखवायला उंचीची फाईल लागते. ती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानानं ११ दिवस रडार फिरवून ही उंची मोजली. फाईल म्हणजे चौकटींचं जाळं, प्रत्येक चौकटीत एक आकडा, मीटरमध्ये.

जव्हार-मोखाड्याच्या फाईलचं नाव 'एन१९ई०७३', प्रकार 'एचजीटी'. तिची जागा फक्त नावात आहे. नाव बदललं की डोंगर हरवला! म्हणून ती 'जिओटिफ'मध्ये बदलून ठेवा. त्यात जागा फाईलच्या आतच लिहिलेली असते. कणगीतला भात पोत्यात भरला, दाणा तोच राहिला, तसंच हे.

क्यूजीआयएस हा प्रोग्राम फुकट आहे. त्यात रास्टर, मग कन्व्हर्जन, मग ट्रान्सलेट. तिथं आकड्याचा प्रकार 'इंट१६' ठेवा. 'बाइट' निवडलं तर २५५ च्या वरचं सगळं २५५ च होतं. जेपीईजी फोटो तर करूच नका, नुसता रंग उरतो. आणि उणे ३२७६८ दिसलं तर तो खड्डा नाही, तिथं माहितीच नाही.

झाल्यावर तपासा. कळसूबाई याच फाईलीत आहे, उंची १६४६ मीटर. शिखरावर त्याच्या जवळपास आकडा यायला पाहिजे. जुन्या आणि नव्या फाईलीत एकाच जागी आकडा तोच पाहिजे.

आता मुद्द्याचं. एक चौकट साधारण ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे जवळजवळ ९ गुंठे. दाट जंगलात रडार जमिनीऐवजी झाडांच्या माथ्याजवळची उंची धरतं. मग या फाईलीवरून कुणाच्या प्लॉटची हद्द ठरेल का? नाही! हद्द बांधावरून चालूनच मोजायची, शेजारी आणि म्हातारी माणसं सोबत घेऊन.

कुणी साहेब म्हणाला, "संगणकात दिसत नाही, दावा नामंजूर," तर घाबरू नका. २०१२ च्या सुधारित नियमात लिहिलंय, उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्यांच्या बदली नाही. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावाच आहे.

मूळ फाईल जपून ठेवा, कुठून आणली, काय बदललं ते वहीत लिहा, आणि नकाशा आधी ग्रामसभेत मांडा. यंत्र आपल्या हातात पाहिजे, आपण यंत्राच्या हातात नाही.

जिंदाबाद!