संवादाची खिडकी

कोपनहेगन येथें २००७ सालीं स्थापन झालेल्या झेनडेस्क कंपनीनें २०१४ सालीं सिंगापूरची झोपिम ही संस्था विकत घेतली, आणि ग्राहकांच्या तक्रारींच्या दप्तराला थेट संवादाची खिडकी लाभली. ती उघडणें सोपें आहे. प्रणालींत चॅटचा मार्ग सुरू करावयाचा, तिनें दिलेला संकेतांचा लहानसा तुकडा संकेतस्थळावर ठेवावयाचा, स्वागताचें वाक्य लिहावयाचें. खरी कसोटी पुढें आहे. आंत कोण, केव्हां बसणार हें आधीं ठरलें पाहिजे. कामाचे तास नमूद करावे, आणि एरवीं निरोप ठेवण्याची सोय असावी. पत्राचें उत्तर उशिरा आलें तरी चालतें. दारांत उभ्या असलेल्या माणसाला मात्र क्षणभराचें मौनही अपमानासारखें वाटतें. उघड्या खिडकीमागें कोणी नसणें यापेक्षां ती बंद असलेली बरी.