गाठीचा ठाव घेणारे अणुवैद्यक
(मारेगाव येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



कापसाच्या या तालुक्यात अणुशास्त्राचे काय काम, असे आपल्या मनात आले असेल. चेहरा एकाएकी लाल होतो, महिनोन्‌महिने जुलाब थांबत नाहीत. ऊन बाधले, पोट बिघडले म्हणून औषधे बदलली जातात. अशा काही थोड्या रुग्णांत दोष असतो तो संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या गाठीचा. हीच चेता-अंतःस्रावी गाठ. १९०७ साली ओबरनडॉर्फर या जर्मन शास्त्रज्ञाने सौम्य समजून तिला ‘कार्सिनॉइड’ म्हटले. हे सौम्यपण फसवे ठरले. ती सावकाश वाढते आणि पुष्कळदा यकृतात पसरल्यावरच कळते. २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपला हा आजार जाहीर केला, तेव्हा अनेकांनी त्याचे नाव प्रथमच ऐकले. २०२० मध्ये ते निवर्तले.

या गाठींपैकी बहुतेकींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही असतात; त्यांना कुलपे म्हणू. त्यांना लागणारी कृत्रिम किल्ली घडवून तिला गॅलियम-६८ हा किरणोत्सर्गी अणू जोडतात आणि ती शिरेतून टोचतात. सुमारे तासाभराने पेट स्कॅन यंत्रात गाठ उजळून दिसते. साध्या सीटी चित्रातून आकार कळतो, येथे पेशीचा स्वभाव कळतो. झपाट्याने वाढणाऱ्या गाठी मात्र ही कुलपे गमावतात. त्यांच्यासाठी किरणोत्सर्गी साखरेची तपासणी अधिक उपयोगी पडते.

गॅलियमचे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटांचे. म्हणून ते दूरवर पाठविता येत नाही. तपासणीच्या जागीच जर्मेनियमच्या जनित्रातून काढावे लागते. तज्ज्ञ या क्रियेला गाय दोहणे म्हणतात, हे आपल्याला रुचेल! किरणोत्सर्गाची भीती बाळगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की रात्र उलटेपर्यंत त्यातले जवळजवळ काहीच उरत नाही. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी मात्र तसे आधी सांगितलेच पाहिजे.

परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे अणुवैद्यक केंद्र १९६३ पासून आहे. देशातील पहिले पेट यंत्र २००२ मध्ये तेथेच बसले. त्याच किल्लीला ल्युटेशियम-१७७ जोडला की तपासणीची वाट उपचाराची होते. हा अणू ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतो.

प्रत्येक जुलाब म्हणजे गाठ नव्हे. परंतु कारण न सापडता आजार लांबला, तर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवा. सोबत बायोप्सीच्या काचपट्ट्या, जुने सर्व कागद आणि लिहिता-वाचता येणारा एक माणूस द्या.