लढाई त्यांची, कर्ज आमचे



१७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढणारे यंत्र केले. काम हलके झाले; पण कापसाचा पेरा वाढला, तसे गुलामही वाढले. गुलामीवरून १८६१ साली तिथे यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या, तेव्हा त्यांना आमचा वऱ्हाडचा कापूस आठवला. भाव चढला, सावकाराचा हात सैल झाला. १८६५ साली लढाई संपली, भाव कोसळला. कर्ज मात्र तसेच राहिले. १८७५ साली पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले.

तेजी आली की आम्ही आधी विचारू: ही कशामुळे, आणि किती दिवस? मगच कर्जाच्या कागदावर अंगठा.