किती तपासल्या, एवढ्यावर थांबू नका

अध्यक्ष महोदया, मान्यवर डॉक्टर मंडळी, आणि ज्यांच्या पायपिटीवर इथली सगळी आकडेवारी उभी आहे त्या आशाताई व आरोग्यसेविका भगिनींनो,

मी डॉक्टर नाही, अडत व्यापारी आहे. पण किती पोती उतरली यावरून नफा कळत नाही, एवढे बाजार समितीत शिकलो. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचे अहवाल मात्र बहुधा ‘इतक्या महिला तपासल्या’ इथेच संपतात. गाठ सापडलेल्यांपैकी किती जणी पुढे रुग्णालयात पोचल्या? उपचार किती जणींनी पुरे केले? आणि मृत्यू कमी झाले का?

टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईत १९९८ पासून हा हिशेब नेटाने मांडला. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिला. त्यांतल्या निम्म्यांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच स्तनतपासणी केली, अशा चार फेऱ्या. मॅमोग्राफी नाही. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोगाचे निदान लवकरच्या टप्प्यावर होऊ लागले. या रोगाचे मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण ती घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पन्नाशी आणि त्यापुढच्या महिलांमध्ये मात्र जवळपास ३० टक्के घट झाली. कसोटीला न उतरलेला आकडाही त्यांनी लपवला नाही, याचे मला अधिक कौतुक वाटते.

असा हिशेब मांडायला दप्तर लागते, आणि ते बार्शीत आहे. इथली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ची. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत गावोगाव फिरून, माणसांशी बोलून केलेली. दुखणे अंगावर काढणाऱ्या, रुग्णालयाची पायरी न चढलेल्या बाईपर्यंतही ती पोचू शकते, ती या फिरण्यामुळेच. तपासणीची यादी आणि हे दप्तर शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मूल्यमापन कसले?

२०१६च्या केंद्रीय मार्गदर्शिकेनुसार तपासणी तिशीपासून, दर पाच वर्षांनी. मुंबईत फायदा स्पष्ट दिसला तो पन्नाशीनंतर. मग हाताशी सेविका मोजक्याच असतील, तर आधी कोणाच्या दारी जायचे? माझे मत पन्नाशीच्या बाजूने आहे. निर्णय तुम्ही जाणकारांनी करावा.

एक विनंती. आशाताईंचे सत्र दुपारच्या जेवणानंतर ठेवले आहे. त्या वेळी खुर्च्या रिकाम्या ठेवू नका.