गप्प राहण्याची मुभा



व्याख्यानाआधी मी संयोजकांना एक विनंती केली होती, ती त्यांनी लगेच मानली. रस्त्याकडे तोंड करून लावलेले दोन्ही कर्णे त्यांनी बंद केले. मागच्या रांगांतल्या मंडळींना आता जरा कान देऊन ऐकावं लागेल. आजचा विषयही कान देण्याचाच आहे.

परीक्षा संपल्यावर माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. दिवसभर ब्रेकर, रात्री खडी ओतणारे डंपर. ती हेडफोन लावून संगणकावर ‘फायरवॉच’ नावाचा गेम खेळत बसायची. गेम म्हणजे गोळीबार आणि किंकाळ्या, अशी माझी समजूत होती. एका रात्री तिनं हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवला. आत वारा वाहत होता, वाळक्या गवतातून कुणीतरी चालत होतं, आणि बराच वेळ दुसरं काहीच नव्हतं. मी तिच्याशेजारी बसलो तो दोन तास बसलो.

हा गेम 2016 साली आला. गोष्ट घडते अमेरिकेतल्या वायोमिंगच्या जंगलात, 1989 च्या उन्हाळ्यात. हेन्री नावाचा माणूस वणव्यांवर नजर ठेवायला एका मनोऱ्यात एकटा राहतो. त्याच्या बायकोला अकाली स्मृतिभ्रंश झालाय. दूरच्या मनोऱ्यातली डिलायला त्याच्याशी वॉकीटॉकीवर बोलते, आणि शेवटपर्यंत ती दोघं भेटत नाहीत. तिनं काही विचारलं की पडद्यावर दोन-तीन उत्तरं येतात, त्यांतलं एक थोड्या वेळात निवडायचं. एकही निवडलं नाही तरी खेळ अडत नाही. तुम्ही गप्प राहिलात हेच उत्तर धरलं जातं आणि डिलायला त्यावरून पुढे बोलते. माणसं काहीतरी मागे टाकायला इथे येतात, तुझं काय, अशा अर्थाचं ती पहिल्याच दिवशी विचारते. भाची उत्तरं वाचत राहिली, तिनं काहीच निवडलं नाही. मी म्हटलं, “का गं?” ती म्हणाली, “मामा, एवढ्यात काय सांगणार तो?”

सीन व्हॅनामन या लेखकाचं हे लेखन मला फार मोलाचं वाटतं. तेंडुलकरांच्या नाटकांमुळे विराम किती बोलतो हे आपण मराठी प्रेक्षक जाणतो. पण नाटकातला विराम लेखक ठरवतो, नट पाळतो. इथे तो खेळणाऱ्याच्या हाती दिलाय, आणि त्यानंतरचं वाक्यही लेखकानं लिहून ठेवलंय. पंधरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याचं दुःख ओळखून गप्प राहता येईल, हा विश्वास त्यामागे आहे.

दुसरा गेम 2019 चा, ‘डिस्को एलिसियम’. तो एस्टोनियाचा कादंबरीकार रॉबर्ट कुर्विट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. त्यातल्या गुप्तहेराच्या डोक्यात त्याच्याच 24 वृत्ती सतत बोलत असतात. पण त्यांतल्या एकीच्या जोरावर त्याला शहर ऐकू येतं: वारा, पाऊस, पडक्या भिंती, दूर कुठे जागी असलेली माणसं. तो भाग पाहताना मला माझं लहानपण आठवलं. दूधवाल्याच्या किटल्यांचा आवाज आणि स्टेशनातून सुटणारी पहाटेची गाडी आम्हाला अंथरुणात ऐकू यायची, आणि स्टेशन दीड मैलावर होतं. आता त्याच घरात रस्त्यापलीकडची हाक ऐकू येत नाही.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. हे आकडे साध्या बेरजेचे नाहीत. दर 10 डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे 105 डेसिबलची डीजे मिरवणूक 55 च्या मर्यादेच्या दुप्पट नसते, लाखपट असते. झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. माणूस जागा झाला नाही तरी रक्तदाब चढतो, नाडी वाढते. यात सण, धर्म, परंपरा आणू नये. आजारी माणसाच्या खिडकीखाली डीजे लावणं हा अन्याय आहे, मग निमित्त कोणतंही असो.

आणि मुलं काय करतात? बाहेरचा आवाज दाबायला हेडफोनचा आवाज वाढवतात. जंगलातला वारा ऐकण्यासाठी त्यांना स्वतःचे कान पणाला लावावे लागतात. हे मला सगळ्यात लागतं.

म्हणून दोन गोष्टी मागतो. रात्री दहानंतर कर्णा वाजला तर 112 वर तक्रार करा, शेजारी काय म्हणतील याचा विचार करू नका. आणि घरातलं मूल गेम खेळत असेल, तर आज रात्री त्याच्याशेजारी तासभर बसा, टीव्ही बंद करून. त्यानं विचारल्याशिवाय काही बोलू नका.