विलंबाची किंमत



हिंदी महासागरातील, ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतील ख्रिसमस बेटावर सस्तन प्राण्यांच्या पाच मूळ जाती होत्या. जहाजांतून आलेल्या काळ्या उंदरांनी रोग आणला. १९०३ नंतर तेथील मूळच्या दोन्ही उंदीर-जाती दिसल्या नाहीत. १९८५ नंतर चिचुंद्रीही आढळली नाही. लहान वटवाघळे घटत असल्याचे ठाऊक होते. परंतु ती पकडून जोपासण्याची परवानगी २००९ मध्ये मिळून पथक पोहोचले, तेव्हा यंत्रावर एकाचाच आवाज उमटला. २६ ऑगस्टनंतर तोही उमटला नाही. आता फळे खाणारे मोठे वटवाघूळ तेवढे उरले असून तेही संकटात आहे.

मुलांकडून नामशेष प्राण्यांची नावे केवळ पाठ करून घेऊ नयेत. विलंबाची किंमत त्यांना उमजावी. गावच्या वडावर वटवाघळे असल्यास दुरून मोजून दरवर्षी नोंद ठेवावी. घट वेळीच कळली, तरच वेळीच उपाय योजता येतो.